साहेबांना घाई आहे

विमान उडवणं अवघड की उतरवणं? कुठल्याही फ्लाइंग क्लबात विचारा, उत्तर एकच मिळेल. छोट्या विमानांचे सर्वाधिक अपघात उतरतानाच होतात. बहुतेक वेळा पुढचं चाक मोडतं, पंख्याची पाती वाकतात, विमान धावपट्टी सोडून गवतात घुसतं. माणसं आपल्या पायांनी बाहेर येतात.

काही वेळा येत नाहीत.

29 मार्च 2001. भाड्याचं गल्फस्ट्रीम जेट लॉस एंजेलिसहून कोलोराडोतल्या अ‍ॅस्पेनला निघालं. प्रवासी 15, कर्मचारी 3. अ‍ॅस्पेनच्या विमानतळाला चहूकडून डोंगरांचा वेढा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने या जेटला तिथे उतरायला बंदी. म्हणजे मुदत 6 वाजून 58 मिनिटांची. प्रवासीच उशिरा आले आणि विमान 41 मिनिटं उशिरा सुटलं.

उशीर प्रवाशांचा. तो भरून काढायचा कोणी?

फार वेळ झाला तर दुसऱ्या विमानतळावर उतरावं लागेल, असं कळताच विमान भाड्याने घेणारा गृहस्थ भडकला. विमान दुसरीकडे जाणार नाही, असा निरोप त्याने सहायकामार्फत कंपनीला धाडला. पैसे मोजले की डोंगर बाजूला सरकतो का?

बर्फ भुरभुरत होतं, अंधार झाला होता. धावपट्टी नीट दिसत नसताना वैमानिकांनी विमान ठरलेल्या किमान उंचीच्याही खाली आणलं. 7 वाजून 1 मिनिटाने ते डोंगरउतारावर आदळलं.

अठरापैकी एकही वाचला नाही.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने मुख्य चूक वैमानिकांची ठरवली. ते रास्तच. पण त्याच अहवालात अ‍ॅस्पेनला रात्री उतरण्याबाबतच्या सरकारी सूचनेतल्या संदिग्ध शब्दांवर ठपका आहे, आणि विमान भाड्याने घेणाऱ्याच्या दबावावरही. हे शेवटचं वाक्य खासगी विमानाच्या प्रत्येक प्रवाशाने वाचायला हवं. किती जण वाचतात?

अशा लँडिंगवरचा इलाज नवा नाही, महागही नाही. त्याला गो-अराउंड म्हणतात. लँडिंग जमत नाही असं वाटताच इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, वर जायचं, पुन्हा यायचं किंवा दुसरा विमानतळ गाठायचा. एकट्याने पहिलं उड्डाण करण्याआधीच विद्यार्थ्याकडून हे घोटून घेतात.

प्रवाशाकडून कोण घोटून घेणार?

कोलोराडो लांब आहे म्हणून निवांत बसू नका. महाराष्ट्रात निवडणुका लागल्या की नेत्यांची छोटी विमानं जिल्ह्याजिल्ह्यांत उतरतात. कितीतरी धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नाही. सभा लांबते, सत्कार लांबतो, आणखी एक कार्यकर्ता हार घेऊन पुढे येतो. सूर्य कोणासाठी थांबतो? मग गेलेली वेळ हवेत भरून काढायची, तीही पावसाळी ढगांत.

निर्णय वैमानिकाचाच असतो, हे सगळे मान्य करतात. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाला पुढच्या दौऱ्याला बोलावतात का?

विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी कराराच्या पहिल्याच पानावर ठळक छापावं: कुठे उतरायचं आणि उतरायचं की नाही, हे कॅप्टन ठरवेल, त्याला फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. साहेबांची सही घ्या. मगच विमानाचं दार उघडा.