प्लॅनमध्ये आहे!

मीरा-भाईंदरकरांनो, आनंदाची बातमी आहे. आपल्या शहराचा कारभार ज्या तंत्रावर चालतो, ते ओरॅकल या डेटाबेसवाल्यांनाही ठाऊक आहे. फक्त ते बिचारे लाजतात. त्यांनी ते मॅन्युअलमध्ये छापलेलं नाही.

त्या तंत्राचं नाव नोसेगमेंट. कोटभर ओळींच्या टेबलातून हवी ती ओळ चटकन सापडावी म्हणून इंडेक्स बांधतात. खऱ्या इंडेक्सला डिस्कवर जागा लागते, बांधायला वेळ लागतो आणि पुढे तो सांभाळावाही लागतो. पण ‘क्रिएट इंडेक्स’च्या शेवटी ‘नोसेगमेंट’ एवढा शब्द टाकला की काम फत्ते. दप्तरी नाव लागतं, डिस्कवर काहीच उभं राहत नाही. मग अंडरस्कोरने सुरू होणारा एक छुपा पॅरामीटर चालू करायचा. क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची हे ठरवणारा ऑप्टिमायझर त्या नसलेल्या इंडेक्सच्या भरवशावर झकास एक्स्प्लेन प्लॅन, म्हणजे त्या वाटेचा कागदी आराखडा, काढून देतो. खर्च कमी, वेग अफाट! क्वेरी खरोखर चालवली की मात्र ती पहिल्या ओळीपासून सगळं टेबल चाळत बसते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही ‘स्टॅटिस्टिक्स ओन्ली’ नावाचा असाच एक अघोषित शब्द आहे.

आता आपल्याकडे या. सूर्या प्रादेशिक योजनेत आपल्या वाट्याला रोजचं 218 दशलक्ष लिटर पाणी आहे. वसई-विरारचं पाणी 2023मध्ये आलं, तेव्हाही आपलं प्लॅनमध्येच वाहत होतं. या पाण्याच्या भरवशावर टॉवर उठले, फ्लॅट विकले गेले. क्वेरी चालवली की टँकर येत होता.

महापालिका तर याहून अस्सल नमुना. ती 28 फेब्रुवारी 2002ला स्थापन झाली. 2017ला निवडून आलेल्यांची मुदत ऑगस्ट 2022मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक. कायद्याच्या दप्तरी महापालिका, सभागृहात नगरसेवक शून्य. शुद्ध नोसेगमेंट! जानेवारी 2026मध्ये मतदान झालं, तेव्हा कुठे डिस्कवर काही उमटलं.

ओरॅकलमध्ये आणखी एक गंमत आहे. हा आभासी इंडेक्स पुसून टाकल्याशिवाय त्याच नावाचा खरा इंडेक्स बांधता येत नाही. नाव आधीच वापरात असल्याची एरर येते. भूमिपूजनाचे फलक लावणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

अघोषित शब्दांच्या बाबतीत तर आपण ओरॅकलच्या कितीतरी पुढे आहोत. ‘जरा बघून घ्या’, ‘वरून फोन आलाय’, ‘साहेबांना भेटलात का?’ यांतला एकही शब्द कुठल्याच कचेरीच्या नागरिकांच्या सनदेत छापलेला नाही. पण अर्जाच्या शेवटी योग्य तो शब्द लागला नाही, तर फाईलचा फुल टेबल स्कॅन ठरलेला. म्हणजे प्रत्येक टेबलावर मुक्काम.

डेटाबेसवाल्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ते हा खोटा इंडेक्स बांधतात, तो खर्चाआधी उपयोग पडताळण्यासाठी. पडताळून झालं की पुसतात. खोट्या प्लॅनवर उद्घाटन कुणी करत नाही. शिवाय तो छुपा पॅरामीटर मुळात बंद असतो. मुद्दाम चालू करावा लागतो. आपल्याकडे तो मुळातच चालू आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘प्लॅनमध्ये आहे’ म्हणालं, तर टाळ्या वाजवू नका. क्वेरी चालवून दाखवा म्हणा.