पीठ बदललं, साखर तीच

जबलपूरच्या ओमतीतल्या मराठी घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिला बळी चहातल्या साखरेचा जातो. दुसरा कमानिया गेटजवळच्या खोव्याच्या जिलबीचा. मग घरातली मंडळी आल्यागेल्याला समाधानानं सांगतात, ‘आता गोड पूर्ण बंद आहे बरं का.’ त्याच दुपारी ताटात तीन पोळ्या, वाटीभर भात आणि बटाट्याची भाजी असते.

जरा हिशेब मांडू. चहातली चमचाभर साखर म्हणजे पाचेक ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम पोळी म्हणजे वीसच्या आसपास. वाटीभर भात तीसच्या घरात, शिवाय बटाटा. एका जेवणात सहज १०० ग्रॅम होतात. पिष्टाची शेवटी साखरच होते, मग ती पोळीतून आलेली असो की जिलबीतून. चहात पाच ग्रॅम वाचवायचे आणि जेवणात शंभर घ्यायचे, याला पथ्य म्हणू नये.

यावर घरोघरी एक उत्तर तयार असतं: ‘आम्ही गहू कमी केलाय, आता मिक्स पीठ खातो.’ चक्कीवर जरा वेळ उभे राहा. दहा किलो गहू, त्यात अर्धा किलो नाचणी, अर्धा किलो ज्वारी, मूठभर मेथ्या. डब्यावर चिठ्ठी ‘शुगरवाला आटा’. किंमत वाढते, पिठाचा रंग काळपट होतो आणि पोळ्या तीनच्या चार होतात, कारण आता त्या औषधी झालेल्या असतात. ज्वारी आणि गहू यांच्या पिठात कर्बोदकं जवळपास सारखीच असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ती जरूर खावी. पण कर्बोदकांच्या बाबतीत तीही धान्यच आहे.

हे माझ्या मनचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर केलेल्या सर्वेक्षणाचा आहारावरचा निबंध २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. त्यात १,२१,०७७ प्रौढांची माहिती आहे. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी अख्खा गहू वा भरड धान्य आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतले फक्त ५ टक्के उष्मांक काढून तिथे डाळी-कडधान्यांची किंवा दूधदुभत्याची प्रथिनं आणली, तर मात्र तो कमी दिसला. थोडक्यात, पीठ बदलून भागत नाही, पोळी कमी करावी लागते.

किती कमी? याच गटानं २०२२ मध्ये १८,०९० जणांच्या माहितीवरून गणित मांडलं होतं. मधुमेह नुकताच निघालेला असेल आणि तो मागे हटवायचा असेल, तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांपर्यंत न्यावीत. कर्बोदकं शून्यावर आणा असं कुणी म्हणत नाही. पोळी-भाताशी जन्माचं वैर धरायचं कारण नाही. तीन पोळ्या दीडवर आणायच्या आणि रिकाम्या जागी दाट वरण, उसळ, पनीर, दही, चालत असेल त्यांनी अंडी-मासे, आणि भाजी वाटीभर नव्हे तर ताटभर.

उपवासाबद्दल मला खरोखर राग आहे. एकादशी, चतुर्थी, नर्मदा जयंती; श्रद्धेबद्दल शब्द काढणार नाही. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा घालायचा, वर सिहोऱ्याकडच्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. मधुमेही माणसासाठी हा उपवासाचा दिवस आठवड्यातला सगळ्यात जड दिवस ठरतो. दही, शेंगदाणे, पनीर, काकडी हेही उपवासाला चालतंच की! देवाला साबुदाणाच हवा असं कुठल्या पोथीत आहे?

‘पण मी तर बारीक आहे,’ हे पुढचं पालुपद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली बारीक माणसं आतून चरबीची असतात, हे एका मराठी डॉक्टरनं स्वतःचं अंग दाखवून सांगितलं. तेव्हा सडपातळ आहात म्हणून भाताची दुसरी वाढ घेऊ नका.

दोन वेळचं जेवण पाळणारेही बरेच आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला: दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत. पण घड्याळ पाळलं आणि दोन्ही वेळा भाताचा डोंगर उपसला, तर काम अर्धंच झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे चढ्या आवाजात सांगतो. गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनानं पोळ्या तोडू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि कर्बोदकं एकदम कमी केली, तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, भोवळ, कधी बेशुद्धी. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर तर वेगळाच धोका: रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही अंगात आम्ल साचून माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनंही विचारूनच वाढवायची. गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, ‘मी पोळी-भात निम्म्यावर आणतोय, डोस किती कमी करायचा?’ घंटाघराच्या आसपास राहणाऱ्यांना व्हिक्टोरिया इस्पितळ काही लांब नाही. डॉक्टर नुसतं ‘डाएट कंट्रोल करा’ म्हणून पुढचा नंबर पुकारत असतील, तर खुर्चीतून उठू नका.

जमलं तर ग्लुकोमीटर घ्या. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा बोट टोचा. एक दिवस पोह्यांवर, एक दिवस मुगाच्या धिरड्यावर. कुणाच्या सल्ल्यापेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त पटेल, आणि सासूबाईंनाही पटेल.

सासूबाईंचं नाव उगाच काढलं नाही. पथ्याचं ताट बहुतेक घरांत पुरुषाचं असतं. त्याच्यासाठी वेगळं पनीर, वेगळी उसळ. बाईला मधुमेह निघाला की ती सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेल्या भातावर वरणाचं पाणी ओतून जेवते आणि वर सांगते, ‘मला काय, मी गोड खातच नाही.’ तिच्या ताटात डाळ आधी पडली पाहिजे.

हे सगळं ज्याच्या खिशात पनीरचे पैसे आहेत त्याच्यासाठी झालं. ओमती नाल्याच्या काठच्या वस्तीत हातगाडी ओढणाऱ्याला काय सांगणार? त्याच्या घरात येतं ते रेशनचं, माणशी महिन्याला पाच किलो धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य आहे, डाळ नाही. उपाशी माणसाला धान्य मिळालं हे फार मोठं काम झालं, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच माणसाला पंचेचाळिशीत मधुमेह निघाला की सरकारी दवाखाना सांगणार ‘पोळी-भात कमी करा’, आणि सरकारी दुकान थैलीत बहुतेक गहू-तांदूळच घालणार. मध्य प्रदेश हे हरभऱ्याचं राज्य आहे, सोयाबीनचं तर देशातलं आघाडीचं. इथे पिकणारा हरभरा इथल्याच रेशन दुकानात महिन्याला माणशी एक किलो का मिळू नये, हे आपल्या आमदाराला विचारा. निवडणुकीपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच विचारा.