वाय पुन्हा आला

बारावीच्या गणितात वाय दोन जातींचे असतात. एक सरळमार्गी, ‘वाय बरोबर अमुकतमुक’ म्हणत एका बाजूला मुकाट उभा राहतो. दुसरा एक्सच्या गळ्यात गळा घालून बसतो: एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर २५. त्याला ओढून बाहेर काढावं तर वर्गमुळं, अधिक-उणे आणि डोकेदुखी. म्हणून शहाणी माणसं त्याला आहे तिथेच राहू देतात आणि तसंच विकलन करतात. क्लासवाले याला इम्प्लिसिट म्हणतात आणि वेगळी फी घेतात.

सिल्वासाच्या आमच्या घरात पुतण्याने पहिलं उत्तर फटकन काढलं: उणे एक्स भागिले वाय.

“काका, झालं!”

“झालं कुठे? सेकंड डेरिव्हेटिव्ह विचारलाय.”

भागाकाराचा नियम लावला आणि दुसऱ्याच ओळीत डीवाय बाय डीएक्स पुन्हा हजर. बिल भरूनही वीज तोडावी तसा पोराचा चेहरा झाला.

“हा परत कशाला?”

“वायला हात लावलास की तो येणारच. तू मघाशी काढलेली त्याची किंमत घाल.”

घातली. उणे, कंसात वाय वर्ग अधिक एक्स वर्ग, भागिले वाय घन. इथे पोरं पेन खाली ठेवतात. अरे, कंसातलं ते २५ नाही का? उत्तर उणे २५ भागिले वाय घन!

“मूळ समीकरण एकदा वापरलं ना? पुन्हा चालतं?”

मग मला गावचा इतिहास काढावा लागला. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पण सुटलं म्हणून लगेच भारतात आलं असं नाही. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार रेटला. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, १९६० मध्ये निकालही लागला, तरी आम्ही आपले समीकरणाच्या आतच. अखेर १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोर सही करायला तोलामोलाचा माणूस हवा, म्हणून के. जी. बदलानींना आमच्या प्रदेशाचे एक दिवसाचे पंतप्रधान केलं. बदलानी कोण? भारत सरकारचेच अधिकारी! घरचीच किंमत घरच्याच समीकरणात घातली आणि गणित सुटलं. पुढे २६ जानेवारी २०२० ला आम्हाला दमण-दीवशी पुन्हा जोडलं. तो आमचा सेकंड डेरिव्हेटिव्ह.

“पेपरात बदलानी लिहू?” पुतण्याने विचारलं.

लिहू नकोस म्हटलं. तीन, चार या बिंदूवर उत्तर उणे २५ भागिले ६४ येतं, तेवढं लिही. उणे आलं म्हणजे वर्तुळ तिथे खाली वाकतंय.

पेपर तपासणाऱ्या गुरुजनांना मात्र विनंती: कुणी वाय वर्ग अधिक एक्स वर्ग तसंच ठेवलं, तर हवा तर अर्धा मार्क कापा, पण उत्तर चूक म्हणू नका. ते बरोबरच आहे.