अजगराचं बारसं

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांत बिळांमध्ये राहणारा बॉल पायथन हा मुळात तपकिरी-काळा, लाजरा प्राणी. घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं आत लपवतो. अमेरिकेतल्या शौकिनांच्या हाती लागला आणि त्याची बारशी सुरू झाली. १९९२च्या सुमारास अल्बिनो, १९९७मध्ये पायबाल्ड, १९९९मध्ये स्पायडर, पुढे मोहावे, बटर, बनाना... खाऊगल्लीतून निघालेली नावंही कमी नाहीत. पिल्लाच्या अंगावरची नक्षी जरा बिनसली की ब्रीडर नाव शोधायला बसतो. रिवाज असा की हा रंग वंशात उतरतो हे जो आधी दाखवून देईल, नाव ठेवायचा मान त्याचा. रंग नवा असेल आणि नाव जमलं तर पिल्लू हजारो डॉलरांना जातं. नाही जमलं तर तो नुसताच फिकट साप.

नाव ठेवण्यावर माझा राग नाही. नावं ठेवण्यात तर आपलाही हातखंडा आहे. तक्रार एवढीच की इथे नाव ओळख पटवायला नसून लपवायला ठेवलं जातं. बनाना आणि कोरल ग्लो हे एकच वाण, पण दोन घरांतून बाजारात आलं म्हणून दोन नावांनी खपलं. हे एक वेळ सोडून देऊ, गिऱ्हाइकाचा फक्त खिसा कापला गेला. स्पायडरचं तसं नाही. त्याची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी ज्या जनुकातून येते, त्याच जनुकातून डोक्याचं डुगडुगणंही येतं. भक्ष्य समोर आलं की मान वाकडी होते, डोकं पिळा घेतं, झडप उंदराच्या बाजूने निघून जाते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची रचनाच सदोष आढळली. एवढा बोभाटा झाल्यावर व्यापाराने काय करावं? स्पायडरचा पेस्टलशी संकर केला की त्याचं नाव बंबलबी. पिनस्ट्राइपशी केला की स्पिनर. डुगडुगणारं जनुक जागच्या जागी, पाटीवरून फक्त ‘स्पायडर’ गायब.

यावर जाणकार म्हणतात, बंबलबीत काय असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. विकणाऱ्या सगळ्यांना, हे मान्य. प्रदर्शनात बापाचं बोट धरून आलेल्या पोराला ते कोणी सांगायचं? दुसरे म्हणतात, शास्त्रज्ञ तरी काय वेगळं करतात? १८०२मध्ये शॉ यांनी याच सापाला ‘रेजिया’, म्हणजे राजेशाही, म्हटलंच होतं की. म्हटलं होतं; पण नावाबरोबर वर्णनही छापलं होतं, ज्याला शंका येईल त्याने ताडून पाहावं म्हणून. तिसरा आक्षेप सर्वांत गोड: एवढ्याशा पाटीवर सगळं मावत नाही. याच पाटीवर साध्या दिसणाऱ्या पिल्लाला ‘६६ टक्के हेट’ लिहिलेलं असतं. म्हणजे रंग अंगावर नाही, पण त्याचं जनुक आत असण्याची शक्यता तीनात दोन. जे दिसत नाही आणि कदाचित नसेलही, ते टक्केवारीसकट मावतं, कारण त्याने किंमत चढते. मान डुगडुगते हे समोर दिसतं, ते मात्र मावत नाही!

उरला एक युक्तिवाद, की हे साप खातात, वाढतात, अंडी घालतात, मग बिघडलं काय? अंडी घातली की तब्येत ठणठणीत, हे निदान दुकानदाराच्या सोयीचं आहे. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीला ते पटलेलं दिसत नाही. तिने आपल्या मेळ्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. नावं हवी तेवढी गोंडस ठेवा, फक्त ज्या जनुकाबरोबर व्यंग येतं त्याचं नाव प्रत्येक संकराच्या नावात राहू द्या आणि व्यंगाचंही: बंबलबी नव्हे, डुगडुगी स्पायडर पेस्टल. अशा नावाने एकही पिल्लू विकलं जाणार नाही, असं व्यापारी म्हणतील. त्यांचा हा एकच आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.