सेक्रेटरी धावतात

आमच्या सोसायटीची लिफ्ट जूनमध्ये बंद पडली आणि त्याच आठवड्यात आमचे सेक्रेटरी धावायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं ते आजही सांगतात. पण लिफ्टची तक्रार घेऊन जाणाऱ्याला त्या दिवसापासून एकच उत्तर मिळायला लागलं, "जिने चढा हो. मांड्या तयार होतात." चौथ्या मजल्यावरच्या आजींचं वय 81. मांड्या तयार करून मी जायचंय कुठे, असं त्यांनी विचारलंसुद्धा.

सेक्रेटरींचं वय 53. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. त्याआधी ते आयुष्यात एकदाच धावले होते, डेक्कन क्वीन पकडायला, तीही चुकली. मग बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा गळ्यात पदक घातलेला फोटो त्यांनी मोबाइलवर पाहिला आणि त्याच रात्री सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरून टाकला. शहाणी माणसं आधी पाच किलोमीटर धावतात, मग दहा. पण सातारा पडली सासुरवाडी. "राहण्याजेवणाचा खर्च नाही," त्यांनी मला कारण सांगितलं. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट त्यांनी पाहिला होता, पण कासची फुलं बघायला जाताना, गाडीतून. आणि तेव्हा ते झोपले होते, असं वहिनी म्हणतात.

नवा धावपटू पायांआधी तोंडाने तयार होतो. पंधरा दिवसांत पार्किंगमध्ये व्याख्यानं सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरचीच का? तर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत तेवढं अंतर भरलं म्हणून. आपण नुसतं "एकवीस किलोमीटर" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कोण धावणार?" मेंटेनन्सच्या पावतीवर पैसेही न सोडणारा माणूस मीटर कसे सोडणार!

मग खरेदी. दुकानातल्या मुलाने त्यांना यंत्रावर चालवून पाऊल आत झुकतं असं निदान केलं आणि नऊ हजारांचे बूट दिले. ते बूट कपाटावर गेले, कारण बाहेर पाऊस. सरावाला जुनेच कॅनव्हासचे. मनगटावर घड्याळ आलं. ते नाडी मोजायचं, पावलं मोजायचं, झोपही मोजायचं. रात्री तीनदा उठून ते झोप नीट लागलीय का, हे बघायचे.

तळजाईच्या टेकडीवर पहिल्या दिवशी मी सोबत होतो. फाटकातून ते जे सुटले ते विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत. तिथे खांबाला मिठी. नवशिक्याने दम न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावावं, असं जाणते सांगतात. सेक्रेटरींनी त्यात सुधारणा केली. बोलण्यासाठी ते थांबायचे. आणि बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. टेकडीच्या पायथ्याशी दुधीचा रस, कारल्याचा रस, शेवटी गव्हांकुर. तोंड कडू झालं म्हणून वर पोहे.

पण एक मान्य केलं पाहिजे. माणूस पाऊस असो, चिखल असो, रोज साडेपाचला निघायचा. ऑगस्टअखेर तो खरोखर बारा किलोमीटर धावत होता. वेग असा की, फिरायला येणारी काही मंडळी शेजारून गप्पा मारत चालत. पण धावत होता.

सप्टेंबरात आम्ही साताऱ्याला गेलो. शर्यतीची आदली संध्याकाळ. सासूबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की, पळण्याआधी पोटात भरपूर पिठाचं, गोडाचं जावं लागतं. त्यांनी पुरण घातलं. जावई पाटावर, समोर ताट, पोळीवर तुपाची धार. चौथ्या पोळीला सेक्रेटरींनी हात आडवा धरला. "घ्या की जावईबापू, उद्या एवढं पळायचंय!" म्हणत पाचवी हाताखालून आत सरकली. घड्याळाने नाडी 104 दाखवली. ते बसूनच होते. दारात उभ्या मेव्हण्याने शांतपणे विचारलं, "पर दाजी, पळताय कशापायी? वर जायचं तर गाडी हाय की." रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन तोच घाट चढणारा माणूस तो. त्याला उत्तर द्यायला सहावी पोळी आड आली.

शर्यतीच्या दिवशी नवं काही घालायचं नाही, हे सेक्रेटरींनी मला वीसदा तरी बजावलं होतं. सकाळी ते नऊ हजारांचे पांढरेशुभ्र बूट घालून उभे. छातीवर चार पिनांनी नंबर. तोही चारदा काढून सरळ केलेला.

मी आणि मेव्हणा घाटातल्या एका वळणावर थांबलो. या शर्यतीची गंमत अशी की, अर्धी वाट चढ आणि परतीची तीच वाट उतार. आधी सडपातळ पोरं हरणासारखी गेली. मग मध्यमवयीन. मग धुकं. मग बऱ्याच वेळाने, धुक्यातून सेक्रेटरी. धावत नव्हते, पण हात धावल्यासारखे हलत होते. रस्त्याकडेच्या शाळकरी पोरी ओरडल्या, "काका, पळा! ललिता बाबर आपल्याच जिल्ह्याची!" काका पळाले. पोरी दिसेनाशा होईपर्यंत.

उतारावर मात्र त्यांना कुणी ओळखलं नसतं. चढावर पुढे गेलेल्या निदान तीस जणांना मागे टाकत, हात पसरून, नंबर फडफडवत ते खाली आले. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन तास अकरा मिनिटं! पदक गळ्यात घालूनच ते जेवायला बसले, पदक गळ्यात ठेवूनच पुण्यापर्यंत आले.

उतार धावताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता अंगाचा भार पेलत असतात. त्याची वसुली त्या दिवशी होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. आणि चढताना नव्हे, उतरताना होते. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात.

मंगळवारी सकाळी मी जिना चढत होतो. वरून सेक्रेटरी येत होते. उलटे. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला, आणि एकेका पायरीला "अगं आई गं." मागून भाजीची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावरच्या आजी चढत आल्या. क्षणभर थांबल्या, वर पाहिलं.

"काय हो, झाल्या का मांड्या तयार?"

बुधवारी लिफ्टवाले आले. गुरुवारी दुपारी लिफ्ट सुरू झाली.