डीजे भाचा, ढूल!

वरात ऐन रंगात आलेली असते. नवरदेवाचे मित्र तोंडात रुमाल धरून डांबरावर लोळत असतात. तेवढ्यात गाण्याच्या पोटातून एक बाई गोऱ्या उच्चारात किंचाळते, "डीजे बाचा... ढूल... इन द मिक्स!" ती बाई कोण, हे मला विचारू नका. तिला बोलावणारा आमचा भाचा आहे.

भाचा धुळ्याला देवपुरात राहतो. दिवसा मोटार वाइंडिंगच्या दुकानात विहिरीवरचे जळके पंप भरतो आणि रात्री दुसऱ्यांची गाणी. गाणी त्याची नाहीत. चाल त्याची नाही, आवाज तर नाहीच. सॉफ्टवेअर बेल्जियमचं, तेही मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेलं. त्याचं स्वतःचं असं एकच, ती बाई. खरं तर बाई म्हणजे कॉम्प्युटर आहे. ती धुळ्याचं इंग्रजी स्पेलिंग वाचून 'ढूल' म्हणते. मी म्हटलं, अरे, स्पेलिंग बदलून बघ. तर म्हणाला, "मामा, आते तोच ब्रँड व्हई गया."

नाव 'डीजे भाचा' ठेवून त्याने सगळ्या खानदेशाला मामा बनवलंय.

एकदा त्याने मला मांडीवरच्या लॅपटॉपवर गाणं 'बनवून' दाखवलं. पडद्यावर आडव्या पट्ट्या. निळी पट्टी गायिकेची. हल्ली गाण्यातून नुसता आवाज सोलून काढता येतो, वाद्यं मागे राहतात. त्याखाली हिरवी पट्टी ढोलाची, पिवळी संबळाची, जांभळी त्या 'धप्प'ची, ज्याने आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. आणि सगळ्यांत वर, गोवर उठावा तसे जागोजागी लाल ठिपके. तो टॅग, म्हणजे आमची 'ढूल'वाली बाई. मी विचारलं, एवढे कशाला? तो गंभीर झाला. म्हणाला, "दोनच टाकले तर लोक कापतात. गायिका श्वास घेते ना, तिथं टाकायचा. मग कोणी कापूच शकत नाही." तेव्हापासून कुठलीही गायिका श्वास घेऊ लागली की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात भटजींचा घसा बसला होता, म्हणून मंगलाष्टकं रेकॉर्डवर लावायचं ठरलं. भाचा म्हणाला, माझ्याकडे आहेत. होती. शेवटच्या कडव्यानंतर, अंतरपाट दूर होण्याच्या नेमक्या क्षणी, 'सावधान'च्या आधीच बाई कडाडली, "ढूल!" निम्म्या मांडवाने अक्षता तिच्यावरच टाकल्या. उरलेल्या निम्म्यांनी 'सावधान'वर टाकल्या. मुहूर्त नक्की कोणता धरायचा, यावर व्याही मंडळी जेवणापर्यंत बोलत होती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलांनी त्याच्याकडूनच प्रचारगीत करून घेतलं. गाणं एकच, फक्त उमेदवारांची नावं बदललेली. गावात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की कोण कोणाचा प्रचार करतंय ते कळेना. मतदारांच्या डोक्यात राहिलं ते टॅगमधलं नाव. भाचा स्वतः उभा राहिला असता तर सरपंच झाला असता, असं अजूनही पारावर म्हणतात.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं विचारून बघा. बारावीला दोनदा बसलेला हा मुलगा कलम सांगतो! 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं बावन्नावं कलम. धार्मिक विधीत रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला सूट आहे आणि लग्नाची वरातही त्यात धरलेली आहे. हे खरं आहे, मी एका वकील मित्राला विचारलं. सूट वाजवायला आहे, गाणं कापून-जोडून त्यात बाई घुसवायला नाही, हे मात्र भाच्याला ऐकू येत नाही. सबवूफरजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला काही वाक्यं ऐकूच येत नसावीत. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा निदान गब्बर आणि वीरू तरी आपले उभे केले. आमचा भाचा मूळ गायकालाच बिनपगारी कामाला लावतो.

त्याचा बिनतोड युक्तिवाद मात्र वेगळाच आहे. "मामा, तुकाराम महाराजनी बी शेवटला टॅग टाकेल शे ना!" यावर मी पहिल्यांदा चिडलो, मग गप्प बसलो. महाराजांनी आधी अभंग लिहिला होता, हे सुचेपर्यंत तो स्कूटीवरून निघून गेला होता.

मध्यंतरी एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. रडवेला आवाज. सुरतेला उधन्यात आपली अर्धी खानदेशी मंडळी कामाला, तिथल्या कुणा पठ्ठ्याने भाच्याचं मिक्स उचललं, सगळे ठिपके काढून टाकले आणि स्वतःचे ठोकले. "मनी टॅग कापी टाकी, मामा! कष्टाची काही किंमतच नाही लोकांना!" मी फोन दूर धरून पोटभर हसून घेतलं.

हसलो खरा, पण त्याची आजी आठवली. पारोळ्याकडच्या खेड्यात राहायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रात्रभर जागर होतो. त्या जागराची गाणी तिला तोंडपाठ होती. अहिराणीतली, कुठल्याही वहीत नसलेली. भाचा एकदा कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला गेला आणि फोनवर तिचं गाणं घेऊन आला. मागे भांडी वाजतायत, कोणीतरी खोकतंय, आणि मधोमध म्हातारीचा ताठ, किंचित चिरका आवाज. मग व्हायचं तेच झालं. खाली ढोल, वर संबळ, आणि म्हातारीने श्वास घेतला की "ढूल!"

पुढच्या चैत्रात आजी गेली. मूळ रेकॉर्डिंग जुन्या फोनबरोबर गेलं, लॅपटॉपची हार्डडिस्कही बसली. उरलं ते मिक्स. ते त्याने यूट्यूबवर टाकलं, तर कुठल्याशा कंपनीने गाण्यावर हक्क सांगितला. त्यांच्या कोणत्या तरी भक्तिगीताची चाल म्हणे तीच. आजीकडे कसला कागद असणार? भाचा हटला नाही. तक्रार केली, फेटाळली गेली, परत केली. टॅगपायी रडणारा हा मुलगा आजीच्या गाण्यावरून मात्र रडला नाही, भांडला. नाही म्हटलं तरी मला बरं वाटलं.

आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. हे मी भाच्याला सांगितलं. तो खूश होऊन म्हणाला, "म्हणजे मीही तेच केलं ना?" केलं खरं. फक्त सोपानदेवांनी दर चार ओळींनी आपलं नाव घातलं नाही.

गेल्या श्रावणात आजीच्या गावी गेलो होतो. जागराला बसलेल्या सुना आजीचं गाणं म्हणत होत्या. मोबाइलवरूनच पाठ केलेलं, शब्द न शब्द बरोबर. कडवं संपलं, सगळ्याजणींनी श्वास घेतला आणि एका सुरात म्हणाल्या, "ढूल!" कोणी हसलं नाही. त्यांच्या लेखी तेही कानबाईचंच नाव असावं.

तुमच्या घरी अशी गाणारी कोणी म्हातारी असेल, तर आजच फोनवर रेकॉर्ड करून घ्या. एक प्रत भाच्याला जरूर द्या, तो चार गावांत पोचवेल. दुसरी मात्र त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.