ओळंबा घेऊन इटलीला

लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर पाहण्यासाठी इटलीसारखा देश का निवडावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्या कुटुंबाला तेव्हाही मिळाले नव्हते आणि मला अद्याप सापडलेले नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून मी रुजू झालो तेव्हा साखळी आणि फलकयंत्र यांचे राज्य होते. निवृत्त झालो तेव्हा उपग्रह मोजणी करू लागले होते. आणि या दोन टोकांच्या दरम्यान सातारा जिल्ह्यातील इतके बांध मी तुडवले, की वाकडी भिंत दिसली की अजूनही माझा हात पंचनाम्याचा कागद शोधू लागतो. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी शाल आणि श्रीफळ यांच्याबरोबर मला एक पितळी ओळंबा अर्पण केला होता. तो मी प्रवासात घेऊ नये म्हणून कुटुंबाने जी तक्रार गुदरली ती मी फेटाळली. आणि बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा तिने घेऊ नये म्हणून मी जी गुदरली ती तिने दाखलच करून घेतली नाही.

आचारी बरोबर घेऊन निघणाऱ्या, रोमच्या वेशीवर पिठलेभात वाढणाऱ्या सहलींबरोबर जावे असा मुलीचा आग्रह होता. परंतु ज्याने आयुष्यभर इतरांना नकाशे काढून दिले त्याने कोणाच्या तरी उंच धरलेल्या छत्रीमागून कळपाने चालावे, हे मला माझ्या हुद्द्याला शोभणारे वाटले नाही. मुलीने तिकिटे काढली, मुक्कामाच्या जागा भ्रमणध्वनीवर ठरवल्या आणि आम्हा उभयतांना दैवावर सोपवून ती मोकळी झाली.

आरंभ अर्थातच पिसाच्या मनोऱ्याने केला. 1173 साली पाया घातलेल्या या वास्तूने तिसरा मजला चढतो न चढतो तोच मऊ चिकणमातीत एक कूस बदलली. मग काम बराच काळ खोळंबले. आणि पुढे जे गवंडी आले त्यांनी चूक दुरुस्त करण्याच्या सद्हेतूने वरचे मजले खचलेल्या बाजूला किंचित उंच बांधले, त्यामुळे आज तो मनोरा नुसता कललेला नसून केळ्यासारखा वाकलेलाही आहे. वरिष्ठांची चूक झाकण्यासाठी कनिष्ठाने फेरफार करावा आणि दप्तरात दोन्ही चुका कायमच्या नोंदल्या जाव्यात, हा प्रकार मला परिचयाचा असल्यामुळे त्या गवंड्यांविषयी तत्काळ बंधुभाव वाटला. 1990 साली तो पडेल या भीतीने बंद करण्यात आला, आणि निष्णात स्थापत्यविशारदांनी उत्तरेच्या बाजूखालची माती अतिशय सावकाश काढून त्याला सुमारे अर्धा अंश सरळ केल्यानंतर 2001 साली तो पुन्हा खुला झाला. हा सर्व वृत्तान्त मी कुटुंबाला सविस्तर सांगितला, तेव्हा तिने एकच प्रश्न केला: "अहो, एवढी अकरा वर्षं खपून शेवटी वाकडाच ठेवला?" पूर्ण सरळ केला असता तर तो पाहायला कोण आले असते, हे उत्तर मला रात्री जेवताना सुचले.

मनोऱ्यावर चढणाऱ्याने आपली पिशवी खाली जमा करावी असा तेथे नियम आहे, आणि माझा ओळंबा पिशवीत होता. ज्या एका वास्तूसाठी मी तो समुद्रापार वाहून नेला, ती चढत असताना तो खालच्या कपाटात कुलूपबंद पडून राहिला. गुडघ्यांमुळे कुटुंब खालीच थांबले. संगमरवरी पायऱ्यांवर एका वळणाला भिंत अंगावर येते आणि दुसऱ्या वळणाला आपण भिंतीच्या अंगावर जातो, हा अनुभव घेऊन मी घामाघूम होऊन उतरलो तो ती एका कट्ट्यावर बसून मोठ्या कुतूहलाने हिरवळीकडे पाहत होती. तेथे देशोदेशीचे शेकडो स्त्रीपुरुष, दोन्ही तळहात पुढे करून, एक पाय मागे रोवून, हवेला ढकलत उभे होते. छायाचित्रात त्यांनी मनोरा पेलून धरला आहे असे दिसावे म्हणून ही खटपट चालते. पण बाजूने पाहणाऱ्याला कसली तरी सामुदायिक कवायत चालल्यासारखे भासते. मीही उभा राहिलो. कुटुंबाने काढलेल्या छायाचित्रात माझे हात मनोऱ्याच्या भलत्याच बाजूला आले असून तो पाडण्याचा प्रयत्न करणारा इसम म्हणून मी त्यात कायमचा नमूद झालो आहे.

फ्लोरेन्सविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, तेव्हा मी एवढेच सांगतो की तेथील जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालयाचे नाव उफ्फित्सी, आणि त्या शब्दाचा अर्थ कचेऱ्या असा आहे. 1560 साली वास्तुकार वसारी याने ती इमारत कोसिमो द मेदिची या अधिपतीसाठी बांधायला घेतली ती निरनिराळ्या खात्यांची दप्तरे एका छताखाली आणण्याकरिता. चित्रे मागाहून आली. हे कळल्यावर माझे चित्त बोत्तिचेल्लीच्या व्हीनसवर ठरेना. लोक तिच्यापुढे दाटी करून उभे होते, आणि मी मात्र या लांबच लांब सज्जात अव्वल कारकून कोठे बसत असेल, अर्जदारांची रांग कोणत्या जिन्याने येत असेल, याचा अदमास घेत हिंडलो. आमच्या कचेरीचे पुढेमागे असे काही होईल, अशी आशा मला वाटत नाही. तिथे भिंतींवर चित्रे आहेत, पण ती गळतीने काढलेली आहेत.

पण माझा खरा पाडाव झाला तो व्हेनिसमध्ये.

हे शहर शंभराहून अधिक बेटांवर वसले आहे आणि चारशेहून अधिक पुलांनी सांधले आहे, ही माहिती घरी बसून वाचताना रम्य वाटते. चाकाची पेटी हाती घेऊन तिचा अनुभव घेताना प्रत्येक पुलाच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. शहराचे विभाग सहा, आणि घरांचे क्रमांक रस्त्यावार नसून विभागवार. ते कित्येक हजारांपर्यंत चढत जातात. एका दारावर तीन हजार चारशे काही, पुढच्या दारावर त्याच्या पुढचा आकडा, आणि गल्ली ओलांडली की एकदम पाचशेने उडी! असा गट क्रमांकांचा आराखडा मी वरिष्ठांकडे पाठवला असता तर त्यांनी मला सक्तीने रजेवर पाठवले असते. चौकांना हे लोक 'काम्पो' म्हणजे शेत म्हणतात. एके काळी तेथे गवत उगवत असे म्हणून. 'पियात्सा' हा मान एकट्या सान मार्कोच्या चौकाचा. आता त्या शेतांत फरसबंदी आहे, मध्यभागी झाकण घातलेली विहीर आहे, पीकपाहणीला मात्र काही वाव नाही. कालवा बुजवून केलेल्या रस्त्याला निराळे नाव, कालव्याच्या काठच्या रस्त्याला निराळे. आणि काही गल्ल्या कोणतीही पूर्वसूचना न देता सरळ पाण्यात उतरतात.

सान झाक्कारिआच्या धक्क्यावर आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा दिवेलागणी झाली होती. मुक्काम तेथून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्याचे भ्रमणध्वनी सांगत होता. मी नकाशा हाती घेऊन पुढे, पेटी ओढीत कुटुंब मागे, या क्रमाने आम्ही सव्वा तास चाललो. उंच भिंतींच्या फटींत त्या यंत्राला आकाश दिसेनासे होते की काय कोण जाणे, पण आमचे स्थान दाखवणारा निळा ठिपका एकसारखा कालव्यात जाऊन पडत होता. एका भिंतीवर रियाल्तो पुलाकडे जाण्याची पाटी होती. तिच्यावर एक बाण डावीकडे आणि दुसरा उजवीकडे. दोन्ही पक्षांना राजी राखणारा असा निकाल मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

"अहो," तिसऱ्यांदा त्याच विहिरीपाशी आल्यावर कुटुंब म्हणाले, "मुलीनं जागेचा फोटो पाठवला होता, त्यात खिडकीतून एक मनोरा दिसत होता ना? वाकडा?"

"तो मनोरा वाकडा नाही," मी म्हणालो. "ज्याने फोटो काढला त्याने कॅमेरा वाकडा धरला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग हा कोणी वाकडा धरलाय?"

बोलता बोलता आम्ही एका पुलाच्या माथ्यावर येऊन उभे राहिलो होतो. समोर ग्रीकांच्या सान जोर्जो चर्चचा घंटामनोरा कालव्याच्या बाजूला स्वच्छ झुकलेला दिसत होता, आणि त्याच्या समोरच्या काठावर आमच्या मुक्कामाचे दार होते. पिसाला ज्यासाठी तिकीट काढून रांगेत उभे राहिलो, ते येथे खिडकीतून फुकट होते. कुटुंबाने पेटी माझ्या हाती दिली आणि ती पुढे झाली. तेव्हापासून व्हेनिसमध्ये चालण्याचा क्रम बदलला. ती गल्लीच्या कोपऱ्यांवरील मेरीमातेचे कोनाडे मोजत चाले. "तिसऱ्या देवीपाशी डावीकडे" हा तिचा नकाशा एकदाही कालव्यात पडला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्रेर संग्रहालयात मी याकोपो दे बार्बारीने काढलेल्या 1500 सालच्या नकाशाचे सहा लाकडी ठसे पाहिले. ज्या काळी विमान तर सोडाच, आकाशात साधा फुगाही गेला नव्हता, त्या काळी सबंध शहर पक्ष्याच्या दृष्टीने, घर नि घर ओळखू येईल असे रेखाटणाऱ्या त्या पुरुषापुढे मी टोपी काढली. गोंडोलाच्या बाबतीत मात्र माझे मत विचारले गेले नाही. दिवसा अर्ध्या तासाच्या विहाराला नव्वद युरो, हा सरकारी दर ऐकून कुटुंबाने मुख्य कालवा आरपार ओलांडणारी उतारूंची गोंडोला शोधून काढली. माणशी दोन युरो. आमचा विहार दोन मिनिटांत आटोपला. तेवढ्यात मी पाहून घेतले की गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते. एकच नावाडी एकाच बाजूने वल्हे मारतो, तरी ती सरळ जावी म्हणून ती मुळातच वाकडी बांधतात. मी हे कुटुंबाला सांगितले नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी, ओळंबा आणल्याचे काहीतरी सार्थक व्हावे म्हणून, मी तो खिडकीच्या चौकटीला टांगला आणि एक डोळा मिटून दोरी व मनोरा यांच्यातील अंतर पाहू लागलो. मनोरा कललेला होताच. परंतु दोरी चौकटीशीही जुळेना. वर ती लाकडाला चिकटून होती आणि खाली दोन बोटे दूर. म्हणजे मनोऱ्याबरोबर आमचे घरही एका अंगाला झुकले होते. हा शोध मी अत्यंत गंभीरपणे कुटुंबाच्या कानी घातला.

"मला पहिल्याच रात्री कळलं होतं," ती आवराआवर करीत म्हणाली. "लाडू टेबलावर ठेवला की भिंतीकडे घरंगळत होता."

डब्यात त्या वेळी दोनच लाडू उरले होते. ते आम्ही टेबलावर न ठेवता हातात धरूनच खाल्ले.